सिकलसेल: डीएनएमधलं एक अक्षर बदललं की पेशीत काय होतं?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत विळा घरोघरी असतो. पाऊस सरला की भात आणि गवत कापायला तोच हाती येतो. रक्तातल्या लाल पेशींना याच विळ्यासारखा वाकडा आकार येतो, त्या आजाराला सिकलसेल म्हणतात. 'सिकल' म्हणजे विळा आणि 'सेल' म्हणजे पेशी. मराठी पुस्तकांत 'दात्रपेशी पांडुरोग' असंही नाव दिसतं. दात्र हा विळ्यासाठीचा संस्कृत शब्द आहे.

महाराष्ट्रात हा आजार नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आढळतो. दक्षिण गुजरातला लागून असलेला पालघर जिल्हाही त्याच पट्ट्यात येतो. मात्र तो केवळ आदिवासींचा आजार नाही. विदर्भात इतर अनेक समाजांतही तो दिसतो.

परीक्षेच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. राज्य मंडळाच्या आठवीच्या विज्ञानात 'पेशी व पेशीअंगके' हा धडा आहे, नववीत आनुवंशिकता येते, अकरावी-बारावीत जैवरेणू आणि प्रथिननिर्मिती येते. नीट आणि एमपीएससीलाही यावर प्रश्न असतात. हे सगळे धडे वेगवेगळे पाठ केले जातात. सिकलसेल समजून घेतला तर ते एकाच साखळीत बसतात.

पेशी म्हणजे काय?

सजीवांच्या रचनेचा आणि कार्याचा सर्वांत लहान एकक म्हणजे पेशी. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' हे नाव दिलं. त्याने पाहिल्या त्या मृत पेशींच्या भिंती होत्या. जिवंत पेशी पुढच्या दशकात लेव्हेनहूकने पाहिल्या. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने वनस्पतिपेशीतल्या केंद्रकाला नाव दिलं. श्लायडेन (१८३८) आणि श्वान (१८३९) यांनी सर्व वनस्पती आणि प्राणी पेशींचेच बनलेले असतात, हा सिद्धांत मांडला. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते, ही भर १८५५ मध्ये व्हिर्चोने घातली.

पेशींचे दोन मुख्य प्रकार आहेत. जीवाणूंच्या पेशीत डीएनएभोवती पटल नसतं, त्या आदिकेंद्रकी पेशी. वनस्पती, प्राणी आणि कवकांच्या पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक असतं, त्या दृश्यकेंद्रकी पेशी.

पेशीच्या आत काय असतं?

डहाणू-घोलवडचा चिकू भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. त्याच्या गराची पेशी आणि माणसाच्या शरीरातली पेशी शेजारी ठेवून पाहिल्या तर पेशीअंगकं लक्षात ठेवणं सोपं जातं.

दोन्हींत असलेले भाग:

- प्रद्रव्यपटल: पेशीचं बाहेरचं पातळ आवरण. कोणता पदार्थ आत घ्यायचा आणि कोणता बाहेर सोडायचा हे ते ठरवतं, म्हणून त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात.
- केंद्रक: डीएनए इथे असतो. माणसाच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या असतात.
- रायबोझोम: अमिनो आम्लं जोडून प्रथिनं बनवण्याची जागा.
- आंतर्द्रव्यजालिका: पदार्थ वाहून नेणारं जाळं. रायबोझोम चिकटलेली ती खडबडीत, नसलेली ती मऊ.
- गॉल्गी संकुल: तयार पदार्थांवर प्रक्रिया करून ते योग्य जागी पाठवणारा विभाग.
- तंतुकणिका: अन्नातली ऊर्जा एटीपीच्या रूपात मोकळी करणारं ऊर्जाकेंद्र.

प्राणिपेशीत यांखेरीज लयकारिका असतात. टाकाऊ घटक आणि बाहेरून आलेले जंतू पचवण्याचं काम त्या करतात. चिकूच्या पेशीत सेल्युलोजची पेशीभित्तिका, मोठी रिक्तिका आणि लवकं असतात. पानांच्या पेशींतली हिरवी लवकं म्हणजे हरितलवकं, प्रकाशसंश्लेषण तिथे होतं.

इथे एक अपवाद आहे आणि तो परीक्षेत वारंवार विचारला जातो. माणसाच्या परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं आणि तंतुकणिकाही नसतात. अस्थिमज्जेत तयार होताना या पेशीजवळ केंद्रक असतं, पण रक्तात उतरण्याआधी ती ते बाहेर टाकते. त्यामुळे आतली जवळपास सगळी जागा हिमोग्लोबिनला मिळते. तंतुकणिका नसल्याने ती स्वतः वाहून नेत असलेला ऑक्सिजन वापरत नाही. तिला लागणारी ऊर्जा ग्लुकोजच्या विनॉक्सी विघटनातून मिळते.

केंद्रक नसण्याचा तोटाही आहे. पेशीला नवं प्रथिन बनवता येत नाही, झालेली झीज भरून काढता येत नाही. म्हणून निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि शरीराला सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी बनवाव्या लागतात.

चार जैवरेणू कोणते?

पेशीत पाण्याचं प्रमाण सर्वाधिक असतं. उरलेल्या भागात चार प्रकारचे मोठे जैवरेणू महत्त्वाचे असतात.

कर्बोदकं. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून बनलेले हे रेणू ऊर्जा देतात आणि आधारही देतात. ग्लुकोज ही साधी शर्करा, तर पिष्ट आणि सेल्युलोज या ग्लुकोजच्या लांब साखळ्या. दोन्हींचा घटक ग्लुकोजच, पण कड्या जोडण्याची पद्धत वेगळी. म्हणून भातातलं पिष्ट माणसाला पचतं आणि गवतातलं सेल्युलोज पचत नाही. चिकूचा गर पिकल्यावर मऊ होतो, कारण पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन हे कर्बोदक विकरांमुळे तुटतं.

मेद. हे पाण्यात विरघळत नाहीत. प्रद्रव्यपटल फॉस्फोलिपिड या मेदरेणूंच्या दुहेरी थराचं असतं. या रेणूचं डोकं पाण्याकडे वळतं आणि शेपट्या पाणी टाळतात, त्यामुळे डोकी बाहेर आणि शेपट्या आत अशी रचना आपोआप होते. या थरात प्रथिनं तरंगत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं हे 'द्रव-कुट्टिम' प्रारूप आजही शिकवलं जातं.

प्रथिनं. अमिनो आम्लांच्या साखळ्या. प्रथिनांत साधारण २० प्रकारची अमिनो आम्लं वापरली जातात. विकरं, स्नायूंचे तंतू, प्रतिपिंडं आणि हिमोग्लोबिन ही सगळी प्रथिनं आहेत.

केंद्रकाम्लं. डीएनए आणि आरएनए. कोणतं प्रथिन कसं बनवायचं याची माहिती यांत असते. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली.

सिकलसेलमध्ये चूक होते केंद्रकाम्लात, ती दिसते प्रथिनात आणि तिचा मार बसतो मेदाच्या पटलावर.

हिमोग्लोबिन कसं असतं?

एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा असतो: दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, म्हणजे एका रेणूत एकूण ५७४. प्रत्येक साखळीच्या घडीत हीम नावाचा भाग असतो आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू. एका लोहाला ऑक्सिजनचा एक रेणू चिकटतो, म्हणून एक हिमोग्लोबिन ऑक्सिजनचे चार रेणू वाहून नेतं.

प्रथिनांच्या रचनेचे चार स्तर याच रेणूवर समजतात. अमिनो आम्लांचा क्रम ही प्राथमिक रचना. साखळीला पडलेले पीळ ही द्वितीयक रचना. पिळांची मिळून झालेली त्रिमितीय घडी ही तृतीयक रचना. आणि चार साखळ्या एकत्र येणं ही चतुर्थक रचना. क्रम बदलला की घडी बदलू शकते, आणि घडी बदलली की काम बदलतं.

डीएनएपासून प्रथिनापर्यंतचा प्रवास

डीएनएची भाषा चार अक्षरांची आहे: ॲडेनिन (ए), थायमिन (टी), ग्वानिन (जी) आणि सायटोसिन (सी). ए समोर टी आणि जी समोर सी, अशी जोडी ठरलेली असते. विशिष्ट उत्पादनाची माहिती असलेल्या डीएनएच्या तुकड्याला जनुक म्हणतात. बीटा साखळीचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे.

प्रथिन दोन टप्प्यांत तयार होतं.

१. प्रतिलेखन: केंद्रकात जनुकाची नक्कल एमआरएनएच्या रूपात होते. या नकलेत थायमिनऐवजी युरासिल (यू) असतं.

२. भाषांतरण: ही नक्कल केंद्रकाबाहेर रायबोझोमवर जाते. तिथे तीन-तीन अक्षरांचे शब्द वाचले जातात. अशा शब्दाला कोडॉन म्हणतात. टीआरएनए प्रत्येक कोडॉनसाठी ठरलेलं अमिनो आम्ल आणून देतो आणि साखळी वाढत जाते.

चार अक्षरांपासून तीन अक्षरी ६४ कोडॉन तयार होतात. त्यांपैकी ६१ अमिनो आम्लांसाठी आहेत, तर तीन कोडॉन साखळी थांबवण्याची खूण देतात.

सिकलसेलमध्ये नेमकी कोणती चूक असते?

बीटा साखळीच्या जनुकात सहाव्या अमिनो आम्लाचा कोडॉन जीएजी असा असतो. त्यामुळे तिथे ग्लुटामिक आम्ल बसतं. सिकलसेलमध्ये मधलं अक्षर ए ऐवजी टी झालेलं असतं. कोडॉन होतो जीटीजी, आरएनएच्या भाषेत जीयूजी, आणि त्या जागी व्हॅलीन येऊन बसतं. एकाच अक्षराच्या अशा बदलाला बिंदू-उत्परिवर्तन म्हणतात. १४६ पैकी बाकीची १४५ अमिनो आम्लं जशीच्या तशी असतात.

मग एवढ्याने बिघडतं काय? ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, ते पाण्यात सहज नांदतं. व्हॅलीनवर प्रभार नसतो आणि ते पाणी टाळतं. हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर, जिथे चहूकडे पाणी आहे, तिथे पाणी टाळणारा एक चिकट ठिपका तयार होतो.

ही साखळी उलगडायला जवळपास अर्धं शतक लागलं. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळं वागतं हे दाखवलं आणि याला 'रेणवीय आजार' म्हटलं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं हे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली.

लाल पेशी वाकते कशी?

फुप्फुसात ऑक्सिजन भरलेला असताना बदललेलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एस, नीट विरघळलेलं राहतं. पेशी गोल आणि दोन्ही बाजूंनी खोलगट असते. अडचण ऑक्सिजन सोडल्यावर सुरू होते.

ऑक्सिजन सुटला की रेणूचा आकार थोडा बदलतो आणि पाणी टाळणारी एक खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचं व्हॅलीन त्या खाचेत बसतं. त्याला तिसरा रेणू चिकटतो, मग चौथा. बघता बघता लांब ताठ तंतू तयार होतात. ते पेशीला आतून ताणतात आणि पेशी विळ्यासारखी होते.

पुन्हा ऑक्सिजन मिळाला की सुरुवातीला पेशी पूर्ववत होते. पण ही वाकणं-सुटणं अनेकदा झालं की प्रद्रव्यपटलाला इजा होते, पेशीतलं पाणी निघून जातं आणि ती कायमची वाकडी राहते. पाणी कमी झालं की आतलं हिमोग्लोबिन अधिक दाट होतं आणि तंतू आणखी लवकर बनतात. म्हणूनच शरीरातलं पाणी कमी होणं या रुग्णांसाठी धोक्याचं असतं.

शरीरावर काय परिणाम होतो?

निरोगी लाल पेशीचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर असतो. केशवाहिन्या काही ठिकाणी याहूनही अरुंद असतात. लवचीक पेशी स्वतःला दुमडून त्यातून निघते. ताठ, चिकट पेशी अडकते. यातून दोन मुख्य त्रास होतात.

पहिला, वेदना. रक्तप्रवाह अडला की त्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि हाडं, सांधे, छाती, पोट यांत तीव्र कळा येतात. लहान बाळांचे हातपाय सुजतात. ताप, थंडी, अतिश्रम, पाणी कमी पिणं यांनी हा झटका येऊ शकतो. भातलावणीत दिवसभर पावसात भिजणं किंवा वीटभट्टीवर भर उन्हात राबणं हे रुग्णासाठी जोखमीचं ठरतं ते यामुळेच.

दुसरा, रक्तक्षय. वाकड्या पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. अस्थिमज्जा तेवढ्या वेगाने नव्या पेशी बनवू शकत नाही. तुटलेल्या हिमोग्लोबिनमधून पिवळं बिलिरुबिन तयार होतं, म्हणून डोळे पिवळसर दिसतात. प्लीहेला इजा होते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रक्त कमी आहे म्हणजे लोह कमी आहे, असं नेहमी नसतं. सिकलसेलमध्ये पेशी लवकर तुटतात हे मूळ कारण आहे. लोहाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. त्या घ्यायच्या की नाही हे तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतात.

आणखी एक गोष्ट: बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्यांत ही चूक नसते. जन्मानंतर काही महिन्यांत बीटा साखळ्यांचं प्रमाण वाढतं आणि मग त्रास सुरू होतो. बाळाला नजर लागली, बाहेरचं काही झालं, असं वाटण्यामागे अनेकदा हा साखळ्यांचा बदल असतो.

वाहक आणि रुग्ण यांत फरक काय?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. सामान्य प्रतीला ए आणि सिकलच्या प्रतीला एस म्हणतात.

- एए: निरोगी.
- एएस: वाहक. पेशीत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं आणि सामान्य प्रकाराचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे सहसा कोणताही त्रास होत नाही.
- एसएस: रुग्ण.

हा आजार अलिंगी गुणसूत्रावरचा आणि अप्रभावी आहे. त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच होऊ शकतो, आणि आई किंवा वडील या एकट्याला दोष देण्यात अर्थ नसतो. एसएस मुलासाठी एस प्रत दोघांकडूनही यावी लागते.

बीजपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं आणि दोन प्रतींपैकी एकच पुढे जाते. म्हणून:

- दोघेही वाहक (एएस × एएस): रुग्ण २५ टक्के, वाहक ५० टक्के, निरोगी २५ टक्के.
- एक वाहक, एक निरोगी (एएस × एए): वाहक ५० टक्के, निरोगी ५० टक्के. रुग्ण नाही.
- एक रुग्ण, एक निरोगी (एसएस × एए): सगळी मुलं वाहक.
- एक रुग्ण, एक वाहक (एसएस × एएस): रुग्ण ५० टक्के, वाहक ५० टक्के.

ही टक्केवारी प्रत्येक गर्भधारणेसाठी नव्याने लागू होते. पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. नाणेफेकीत एकदा छापा पडला म्हणून पुढच्या वेळी काटाच पडेल असं नसतं, तसंच हे.

एकाकडून एस आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचं जनुक आलं तरीही सिकलसेलसारखाच आजार होतो. म्हणून लग्नाआधीच्या तपासणीत दोन्ही पाहिलेलं बरं.

हे जनुक टिकलं कसं?

इतकं त्रासदायक जनुक पिढ्यान्‌पिढ्या का उरलं, याचं उत्तर मलेरियात आहे. मलेरियाचा परजीवी लाल पेशीतच वाढतो. वाहकांच्या पेशीत त्याची वाढ नीट होत नाही, त्यामुळे फॅल्सिपेरम प्रकारच्या गंभीर मलेरियापासून त्यांना बरंच संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हा संबंध मांडला. जिथे मलेरिया पूर्वापार होता, त्या भागांत वाहक जास्त जगले आणि जनुक पुढे गेलं. डोंगर-जंगलाच्या पट्ट्यात सिकलसेल जास्त का, याचं कारण हेच. यात कोणत्याही समाजाची उणीव नाही.

तपासणी कशी करतात?

दोन टप्पे असतात आणि दोन्हींत वर शिकलेलं रसायनशास्त्रच वापरलेलं आहे.

विद्राव्यता चाचणी. बोटातून घेतलेलं थोडं रक्त विशिष्ट द्रावणात टाकतात. द्रावणातला एक पदार्थ पेशी फोडतो आणि दुसरा ऑक्सिजन काढून घेतो. हिमोग्लोबिन एस असेल तर ते विरघळत नाही आणि द्रावण गढूळ होतं. नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर चाचणी सकारात्मक. पण यातून वाहक की रुग्ण हे कळत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत ती फसवी ठरू शकते.

इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवतात. ऋण प्रभार कमी झाल्याने हिमोग्लोबिन एस धन टोकाकडे हळू सरकतं. एकच सामान्य पट्टा आला तर एए, दोन पट्टे आले तर एएस, आणि सामान्य पट्टा नसून एसचा ठळक पट्टा आला तर एसएस. एचपीएलसी यंत्र प्रत्येक प्रकाराचं प्रमाण आकड्यात देतं.

म्हणजे 'सिकल निघाला' एवढ्यावर थांबणं ही अर्धी तपासणी झाली. दुसरी चाचणी झाल्याशिवाय एखाद्या मुलीला किंवा मुलाला रुग्ण ठरवणं चूक आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केलं. बाधित आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणीसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करता येते.

उपचार आहे का?

आजार पूर्ण बरा करण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. ते खर्चिक आहे आणि जुळणारा दाता लागतो. मात्र नियमित उपचारांनी रुग्ण शिक्षण, नोकरी, संसार सगळं करू शकतो.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवतं. ते तंतू बनण्यात अडथळा आणतं, त्यामुळे वेदनांचे झटके कमी होतात. यासोबत फॉलिक ॲसिड, लसीकरण, भरपूर पाणी आणि तापाकडे दुर्लक्ष न करणं महत्त्वाचं. हायड्रॉक्सीयुरिया रोज आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावं लागतं. कामासाठी गाव सोडून वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी तपासणीचं कार्ड आणि पुरेशी औषधं सोबत ठेवणं म्हणूनच गरजेचं आहे.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर तंत्रावर आधारित पहिल्या जनुकोपचाराला मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशींत बदल करून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू केलं जातं. त्याची किंमत सध्या सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे.

परीक्षेत हमखास होणाऱ्या चुका

- *सिकलसेल संसर्गजन्य आहे का?* नाही. तो आनुवंशिक आहे. सोबत जेवल्याने, एकत्र राहिल्याने होत नाही.
- *वाहक पुढे रुग्ण होतो का?* नाही. एएस आयुष्यभर एएसच राहतो.
- *बदल कोणत्या साखळीत असतो?* बीटा साखळीत, सहाव्या स्थानी. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. उलट क्रम लिहिल्यास उत्तर चुकतं.
- *बदल कोणत्या अक्षराचा?* ए च्या जागी टी. आरएनएमध्ये जीएजी चं जीयूजी.
- *गुणसूत्रांची संख्या बदलते का?* नाही. ती डाऊन सिंड्रोममध्ये बदलते. इथे ४६ गुणसूत्रं तशीच असतात.
- *लाल पेशीत केंद्रक नाही, मग जनुकातली चूक तिच्यात येते कशी?* पेशी अस्थिमज्जेत तयार होत असताना केंद्रक असतं. एमआरएनए तेव्हाच बनतो आणि हिमोग्लोबिनही तिथेच भरलं जातं. केंद्रक निघून गेलं तरी प्रथिन पेशीत राहतं.

शेवटचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहिता आला, तर पेशी, केंद्रक, डीएनए, आरएनए, रायबोझोम आणि प्रथिन यांचं नातं समजलं असं मानायला हरकत नाही. आणि तपासणीच्या कागदावर एएस लिहिलेलं दिसलं, तर घाबरायचं कारण नाही, पण लग्नाआधी जोडीदाराचीही तपासणी करून घ्यायची, हे घरच्यांना समजावून सांगता येईल.